कोरियन व चिनी प्रेममालिकांचे भावनिक आकर्षण

दक्षिण कोरिया आणि चीन येथे तयार होणाऱ्या, ठरावीक भागांत संपणाऱ्या प्रेमकथाप्रधान दूरचित्रवाणी मालिका जगभरच्या प्रेक्षकांना जो लळा लावतात, त्याचे स्वरूप आणि त्यामागची कारणे यांचा विचार या नोंदीत केला आहे. बोलण्यात या मालिकांना ‘के-ड्रामा’ आणि ‘सी-ड्रामा’ म्हणतात. देखणे नट-नट्या, उंची कपडे आणि सुरेख चित्रण यांचा वाटा आहेच. पण मालिका संपल्यावरही आठवडाभर मन तिच्यातून बाहेर येत नाही, याचे उत्तर तेवढ्यात मिळत नाही. प्रेम पिकायला दिलेला पुरेसा वेळ आणि शब्दांच्या आधी कृतीतून दिसणारी जपणूक, या दोन गोष्टींत या मालिकांचे खरे बळ आहे.

कोरियन मालिकांची लाट प्रथम चीनमध्ये आणि नंतर जपानमध्ये जाणवली. ‘व्हॉट इज लव्ह’ ही कौटुंबिक मालिका १९९७ मध्ये चीनच्या सरकारी वाहिनीवरून प्रक्षेपित झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस कोरियन करमणुकीच्या या ओघाला ‘कोरियन लाट’ या अर्थाचे नाव चिनी वृत्तपत्रांतून रूढ झाले. तेच नाव कोरियन उच्चाराने ‘हाल्यू’ म्हणून सर्वत्र पसरले. प्रेममालिकेची भावनिक ताकद मात्र सर्वांत ठळकपणे दिसली ती ‘विंटर सोनाटा’मुळे. युन सक-हो यांनी दिग्दर्शित केलेली ही २० भागांची मालिका कोरियात २००२ मध्ये आणि जपानमध्ये २००३ पासून तेथील ‘एनएचके’ या सार्वजनिक वाहिनीवर दाखवली गेली. शाळकरी वयात जडलेले प्रेम, अपघातात गमावलेला प्रियकर आणि दहा वर्षांनी समोर उभा राहिलेला, त्याच चेहऱ्याचा पण आठवण पुसलेला माणूस, एवढाच तिचा गाभा आहे. जपानमधील मध्यमवयीन आणि वयस्क स्त्रिया तिच्यात इतक्या गुंतल्या, की नायक बे योंग-जून यांना तेथे राजघराण्यातील व्यक्तीला शोभेल अशा आदराने ‘योन-सामा’ म्हणू लागले आणि चित्रीकरण झालेल्या नामी बेटावरील उंच झाडांच्या दुतर्फा रांगांतून चालून येण्यासाठी सहलींची रीघ लागली. संसारात वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या या बायकांना त्या मालिकेत स्वतःचे तरुणपण परत भेटत होते, आणि या ओढीला उथळ समजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

या परिणामात मालिकेच्या बांधणीचा वाटा मोठा आहे. कोरियन प्रेममालिका बहुधा १६ भागांची, आठवड्यातून दोनदा दाखवली जाणारी आणि एकाच लेखिकेच्या हातून उतरलेली असते. मराठी दैनंदिन मालिका शेकडो भाग चालते आणि कथेला मुक्काम नसल्यामुळे नवरा-बायकोत पुन्हा पुन्हा बिब्बा घालावा लागतो. सोळा भागांच्या कथेला आरंभापासून शेवट ठाऊक असतो. पहिला स्पर्श चौथ्या भागात, कबुली आठव्या-नवव्या भागात आणि ताटातूट चौदाव्या भागाच्या आसपास, हे गणित सरावलेल्या प्रेक्षकालाही ठाऊक असते, तरी त्याची हुरहूर कमी होत नाही. मधल्या काळात जे घडते ते फार थोडे असते: पावसात छत्री तिच्या बाजूला झुकते आणि त्याचा खांदा भिजतो, थकलेल्या तिला तो पाठुंगळी घेऊन चढ चढतो, पहिल्या हिमवर्षावाच्या दिवशी कोणाची आठवण झाली, एवढ्यावर एक अख्खा प्रसंग उभा राहतो. काळजाचा ठोका चुकण्याच्या या क्षणाला कोरियन तरुणांनी ‘सिमखुंग’ असा शब्दच घडवला आहे. त्या क्षणी नेमके तेच गाणे सुरू होते जे आधीच्या भागांतून कानावर रुळलेले असते, म्हणून नंतर कधी ते गाणे नुसते ऐकले तरी प्रसंग डोळ्यांपुढे येतो.

जपणूक कशी दाखवली जाते हे ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ या २०१९-२० मधील मालिकेत जवळून पाहण्यासारखे आहे. पार्क जी-उन यांनी लिहिलेल्या या कथेत दक्षिण कोरियातील एका धनाढ्य घराण्यातली मुलगी पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून उत्तर कोरियात जाऊन पडते आणि तेथील एक लष्करी अधिकारी तिला लपवून ठेवतो. ती सुगंधी मेणबत्ती मागते आणि तो साधी आणून देतो, कारण त्याला त्यातला फरकच ठाऊक नसतो. पुढे संध्याकाळच्या बाजारात ती गर्दीत हरवते, अंधार पडलेला असतो, ती भेदरून उभी असते. आणि माणसांच्या डोक्यांवरून एक पेटलेली मेणबत्ती उंच धरलेली दिसते. ती त्यानेच धरलेली असते, आणि या वेळी ती सुगंधी असते. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य अजून कित्येक भाग लांब आहे, पण आता त्याची गरज उरलेली नाही. कोणीतरी आपले बोलणे ऐकले, लक्षात ठेवले आणि चूक दुरुस्त केली, हे सुख फार मोठे आहे आणि पुष्कळांच्या वाट्याला ते आयुष्यात येत नाही. कोरियन घरांत ‘जेवलीस का?’ हा प्रश्न मायेची विचारपूस म्हणून येतो, त्यामुळे ताटातला चांगला घास दुसऱ्याच्या भातावर ठेवणे हेही तेथे प्रेमाचे उघड चिन्ह ठरते.

चिनी मालिकांचा पोत निराळा आहे. त्यांतील मोठा भाग संकेतस्थळांवर क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांवर बेतलेला असतो. २००३ मध्ये सुरू झालेले ‘जिनजियांग’ हे प्रामुख्याने स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिलेल्या कथांचे ठिकाण या मालिकांची खाणच झाले आहे. ‘श्येनश्या’ या प्रकारात देवलोक, मर्त्यलोक आणि शाप यांची सृष्टी असते. २०१७ मधील ‘इटर्नल लव्ह’ या ५८ भागांच्या मालिकेत एकाच जोडप्याची गाठ तीन जन्मांत पडते, एक आठवण विसरतो आणि दुसऱ्याला ती एकट्याने वाहावी लागते. वडाला दोरा गुंडाळून सात जन्मांची मागणी करणाऱ्या समाजाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. संस्कृत काव्यशास्त्राने ज्याला विप्रलंभ शृंगार म्हटले, तो विरहाचा रस या मालिका निर्धास्तपणे आणि पोटभर वाढतात. अश्रू आवरण्याची घाई त्यांना नसते.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘गोड’ मालिका आहेत. त्यांत खलनायक जवळजवळ नसतो, गैरसमज एका भागात मिटतो आणि वसतिगृह, वर्ग, पहिली नोकरी अशा साध्या जागी प्रेम वाढते. २०२३ मधील ‘हिडन लव्ह’ या २५ भागांच्या मालिकेत भावाच्या मित्रावर शाळेपासून मनातल्या मनात जीव लावलेल्या मुलीचे मोठे होणे आहे. चिनी प्रेक्षक अशा कोवळ्या प्रसंगांना ‘साखर वाटणे’ आणि जीव कासावीस करणाऱ्या प्रसंगांना ‘छळ’ म्हणतात. आनंदाच्या बातमीला साखर वाटणाऱ्या आणि लग्न ठरले की साखरपुडा करणाऱ्या मराठी माणसाला हा शब्दप्रयोग समजावून सांगावा लागत नाही.

या गोडव्यामागे कडू वास्तव आहे. कामाचे लांबलेले तास, घरांच्या किमती आणि स्पर्धा यांमुळे प्रेम, लग्न आणि मूल या तिन्हींवर पाणी सोडणाऱ्या पिढीला कोरियात २०११ पासून ‘साम्पो’ पिढी म्हटले जाऊ लागले. २०२३ मध्ये तेथील जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे होणाऱ्या मुलांची सरासरी, ०.७२ इतका खाली आला. चीनमध्ये २०२४ साली सुमारे ६१ लाख विवाहांचीच नोंद झाली, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा पाचव्या हिश्शाने कमी. ज्या समाजात प्रेमाला सवड आणि पैसा पुरत नाही, तेथेच त्याची इतकी तपशीलवार चित्रे रंगवली जातात, हा योगायोग नाही.

आक्षेपही खरे आहेत. श्रीमंत, उर्मट नायक गरीब मुलीला सुधारण्याचे निमित्त करून धाकात ठेवतो, मनगट धरून फरफटत नेतो, आणि हे सारे प्रेम म्हणून खपवले जाते, ही टीका ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’सारख्या २००९ मधील मालिकेला पुरेपूर लागू पडते. मनगट धरण्याचे प्रसंग अलीकडे कमी झाले आहेत आणि नायिकेची संमती विचारणारा नायक आता अपवाद राहिलेला नाही. नायकाचे सौजन्य तोकडे पडलेले पाहून प्रेक्षकाची नाळ कधीकधी त्याच्याऐवजी दुय्यम नायकाशी जुळते. त्याच्या एकतर्फी प्रेमाने व्याकूळ होण्याला चाहते ‘सेकंड लीड सिंड्रोम’ म्हणतात.

भारतात या मालिका प्रथम ईशान्येत रुजल्या. मणिपूरमध्ये एका भूमिगत संघटनेने २००० साली हिंदी चित्रपटांवर बंदी घातल्यावर ‘आरिरांग’ या कोरियन वाहिनीने आणि मालिकांच्या तबकड्यांनी ती पोकळी भरून काढली. देशाच्या इतर भागांत त्या मुख्यतः टाळेबंदीत पोहोचल्या; कोरियन मालिकांच्या भारतातील प्रेक्षणात २०२० मध्ये आदल्या वर्षापेक्षा ३७० टक्क्यांहून अधिक वाढ झाल्याचे ‘नेटफ्लिक्स’ने जाहीर केले होते.

मराठी प्रेक्षक या मालिका इंग्रजी तळओळींसह (सबटायटल्ससह) किंवा हिंदी भाषांतरित आवाजात पाहतात, आणि या दोन वाटांत एक महत्त्वाचा फरक आहे. कोरियन भाषेत आदराचे ‘जोंदेनमाल’ आणि सलगीचे ‘पानमाल’ असे बोलण्याचे दोन थर आहेत, आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर येणे ही नात्यातली मोठी घटना असते. दोघांपैकी कोणीतरी ‘आता सलगीने बोलू या का?’ असे विचारते आणि समोरचा क्षणभर गप्प होतो. इंग्रजी तळओळीत दोन्हीकडे एकच सर्वनाम येत असल्यामुळे हा क्षण हातून निसटतो. हिंदी आवाजात ‘आप’चे ‘तुम’ झालेले ऐकू येते. ज्या घरांत आजीने आजोबांना जन्मभर ‘अहो’ म्हटले आणि नातीने नवऱ्याला पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारली, त्या घरांतला प्रेक्षक कोरियन येत नसतानाही नुसत्या क्रियापदाच्या शेवटावरून आणि नायिकेच्या खाली गेलेल्या नजरेवरून ओळखतो की आताच अहो-जाहो संपले आणि अरे-तुरे सुरू झाले.