माय गर्ल (गीत)

'माय गर्ल' हे द टेम्प्टेशन्स या अमेरिकी गायकवृंदाचे प्रेमगीत. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने ते डिसेंबर १९६४ मध्ये काढले आणि मार्च १९६५ मध्ये ते बिलबोर्ड या अमेरिकी संगीत साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. गीतकार-संगीतकार स्मोकी रॉबिन्सन व रोनाल्ड व्हाइट. रॉबिन्सननेच गायिका मेरी वेल्ससाठी रचलेल्या 'माय गाय' या गाण्याचे हे जोडगीत मानतात.

गाणे टिकले ते काटकसरीमुळे. सुरुवातीला एकटा बेस (खर्जाची गिटार). बेसवादक जेम्स जेमरसन षड्ज आणि खालचा पंचम, एवढ्यावरच थांबत थांबत चालतो. हौशी बेसवादक हमखास इथे घसरतात. मोकळी जागा दिसली की भरून टाकतात. मग रॉबर्ट व्हाइटची गिटार शिडी चढते: सा रे ग प ध सां. हे भूप रागाचेच स्वर (राग नव्हे, फक्त स्वर). कॉर्ड (साथीचा स्वरसमूह) सीवरून, म्हणजे षड्जावरून, एफवर, म्हणजे मध्यमावर, गेली की तीच शिडी मध्यमावरून चढायची: म प ध सां रें मं. षड्ज जागीच धरून ऐकणाऱ्याला हे दुर्गा रागाचे स्वर वाटतील. नवखे वादक एफवरही सीचीच शिडी वाजवत राहतात. ते फारसे बेसूर लागत नाही, पण गाणे जागचे हलत नाही.

मुख्य आवाज डेव्हिड रफिनचा. तो १९६४ च्या आरंभी वृंदात आला होता. तोवर बहुतेक गाणी एडी केंड्रिक्स आणि पॉल विल्यम्स यांच्याकडे असत. रफिनचा गळा खरखरीत, आणि शब्द मात्र अगदी साधे, हवामानाच्या उपमांचे. या विजोडपणामुळे गोडवा चिकट होत नाही. भोवती चुटक्या, कोरस, ब्रास (पितळी फुंकवाद्ये) आणि पॉल रायझरने बांधलेली व्हायोलिने एकेक करून येतात. सगळे एकदम कधीच नाही.

मधल्या संगीतानंतर पट्टी पांढरी एकवरून (सी) पांढरी दोनवर (डी) चढते. ए कॉर्ड आधीच त्याची चाहूल देते, म्हणून उडी जाणवत नाही, फक्त उजेड वाढतो. कार्यक्रमात पट्टी ठरवताना त्यामुळे पहिल्या कडव्यावर जाऊ नये. शेवटचे कडवे गाऊन पाहावे आणि तिथून एक पूर्ण स्वर खाली सुरुवात करावी.