श्वसनसंस्था

हवेतला ऑक्सिजन रक्तात घेणारी आणि पेशींत तयार झालेला कार्बन डायॉक्साइड शरीराबाहेर टाकणारी यंत्रणा. नाक, घसा, स्वरयंत्र, श्वासनलिका, तिच्या शाखा आणि दोन फुप्फुसे हे तिचे अवयव. मात्र ही फुप्फुसे हलवण्याचे काम श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) व बरगड्यांमधले स्नायू करतात आणि त्यांना हुकूम सुटतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून. निरोगी प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. नवजात बाळ ३० ते ६० वेळा. छातीची ही हालचाल म्हणजे श्वासोच्छ्वास. ऑक्सिजन वापरून पेशी अन्नातून ऊर्जा मिळवतात ते पेशीश्वसन वेगळे, आणि सगळा खटाटोप त्याच्यासाठीच चाललेला असतो.

हवेचा मार्ग : नाकातून जाताना हवा गरम व ओलसर होते आणि तिच्यातली बरीच धूळ अडते. घशात अन्नाची आणि हवेची वाट एकच असते. घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते आणि त्याच्या तोंडावरची कूर्चेची झडप खाली झुकते. ही वेळ चुकली की ठसका लागतो. स्वरयंत्राखाली १० ते १२ सेंमी. लांबीची श्वासनलिका असते. गळ्याच्या पुढच्या बाजूला बोटाने हलकेच चाचपले तर तिची कडी हाताला लागतात. ही १६ ते २० कडी पूर्ण गोल नसून मागे उघडी असतात. मागे अन्ननलिका टेकलेली असते, त्यामुळे मोठा घास उतरताना तिला फुगायला जागा मिळते.

पुढे श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात. उजवा फाटा अधिक रुंद आणि अधिक उभा असल्याने श्वासात गेलेला दाणा किंवा मणी बहुतेकदा त्या बाजूला उतरतो. या फाट्यांना साधारण २३ वेळा शाखा फुटत जातात आणि शेवटी येतात वायुकोश. त्यांची संख्या अंदाजे ३० ते ५० कोटी, प्रत्येकाचा व्यास सुमारे ०.२ मिमी. सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतकाच जाड असतो. मार्चेल्लो मालपीगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या आणि रक्त धमन्यांतून शिरांत कसे पोचते या प्रश्नाचा दुवा तिथे सापडला.

नळ्यांच्या आतल्या पेशींवर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. ते लाटेसारखे हलत धूळ अडकलेला चिकट द्राव घशाकडे ढकलत राहतात. तंबाखूच्या धुराने हे तंतू मंदावतात आणि नष्टही होतात. मग कफ वर आणायला खोकण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही.

श्वास आत कसा येतो : ‘फुप्फुस हवा ओढून घेते’ असे आपण सहज म्हणून जातो, पण फुप्फुसाला स्वतःला फुगवणारा स्नायूच नाही. उताणे झोपून एक हात पोटावर आणि दुसरा बरगड्यांवर ठेवला तर खरे काय घडते ते हाताला कळते. श्वास घेताना घुमटासारखे श्वासपटल आकुंचन पावून सपाट होते, पोटातले अवयव खाली दाबले जातात आणि पोट वर येते. बरगड्याही वर व बाहेर सरकतात. छातीची पोकळी अशी वाढली की फुप्फुसाला तिच्याबरोबर फुगावेच लागते, कारण दोघांमध्ये फुप्फुसावरणाचे दोन थर पातळ द्रवाने एकमेकांना चिकटलेले असतात. ओल्या काचा एकमेकींवर सरकतात पण सुट्या होत नाहीत, तसेच हे. आकारमान वाढले की आतल्या हवेचा दाब घटतो (बॉइल यांचा १६६२ चा नियम). वातावरणाच्या ७६० मिमी. (पाऱ्याच्या स्तंभाची उंची) दाबात जेमतेम १ मिमी.ची घट होते आणि तेवढ्यावर हवा आत येते. शांत उच्छ्वासाला स्नायूंचे बळ लागत नाही. ताणलेले फुप्फुस आपोआप आकसते. जखमेतून आवरणाच्या थरांमध्ये हवा शिरली की ही चिकटण सुटते आणि फुप्फुस मिटून जाते.

एका शांत श्वासात सुमारे ५०० मिलि. हवा येते. त्यातली १५० मिलि. नळ्यांतच राहते आणि रक्ताला न भेटता परत फिरते. ५०० मिलि.चे १२ श्वास म्हणजे मिनिटाला ६ लिटर, २५० मिलि.चे २४ श्वास घेतले तरी ६ लिटरच. पण वायुकोशांपर्यंत पोचणारी ताजी हवा पहिल्या रीतीत ४.२ लिटर, तर दुसरीत फक्त २.४ लिटर असते. भरभर, वरवरचे श्वास माणसाला पुरत नाहीत ते यामुळे.

वायुकोश मिटत का नाहीत : वायुकोशाचा आतला पृष्ठभाग ओला असतो आणि पाण्याचा पृष्ठताण त्याला आत खेचत असतो. इतक्या लहान पोकळीत ही ओढ फार मोठी ठरते. तिला आवर घालतो तो वायुकोशातल्याच काही पेशींनी स्रवलेला मेद आणि प्रथिनांचा एक पातळ थर. गर्भात तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३५ आठवडे लागतात. फार आधी जन्मलेल्या बाळाला म्हणूनच प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतका जड जातो : बरगड्यांमधली त्वचा आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात आणि श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो. ते कण्हणे म्हणजे बाळाची धडपड असते. स्वरयंत्र अर्धवट मिटून ते हवा आत अडवून धरते, वायुकोश मिटू नयेत म्हणून. या बाळांत तो थरच कमी असतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले. प्रसूतीआधी आईला स्टेरॉइड दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे तो थर बाहेरून थेट श्वासनलिकेत सोडण्याची रीतही रुळली. श्वसनाच्या अभ्यासातून इतका थेट जीव वाचवणारा दुसरा शोध क्वचितच निघाला असेल.

वायूंची देवाणघेवाण : आत येणाऱ्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, बाहेर पडणाऱ्या हवेत सुमारे १६ टक्के. म्हणजे उच्छ्वासातही भरपूर ऑक्सिजन शिल्लक असतो. तोंडाने तोंडात हवा फुंकून माणूस जगवता येतो तो त्याच्याच बळावर. विश्रांतीत तांबडी पेशी वायुकोशाला खेटून पाऊण सेकंद असते, आणि तिचे हीमोग्लोबिन पहिल्या पाव सेकंदातच ऑक्सिजनने भरते. कार्बन डायॉक्साइडचा सुमारे ७० टक्के भाग रक्तात विरघळलेल्या बायकार्बोनेट या अल्कधर्मी क्षाराच्या रूपात प्रवास करतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र हीमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. बंद खोलीतली शेगडी जीव घेते ती अशी.

नियंत्रण : श्वास रोखून धरला की काही वेळाने छातीत जी असह्य तडफड होते, ती ऑक्सिजन संपल्याची खूण वाटते. तसे नसते. ती साठत चाललेल्या कार्बन डायॉक्साइडची हाक असते. हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये त्याचे हे नियंत्रण दाखवून दिले. ऑक्सिजनवर नजर ठेवणाऱ्या पेशी मानेतल्या धमन्यांपाशी आहेत (या शोधासाठी कॉर्नेय हेमान्स यांना १९३८ चे नोबेल मिळाले), पण त्या जोराने बोलतात ते ऑक्सिजन बराच घटल्यावर. पाण्यात सूर मारण्याआधी मुद्दाम भराभर श्वास घेण्याची सवय म्हणून जीवघेणी आहे : त्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायॉक्साइड मात्र उतरतो आणि वर येण्याची हाक येण्यापूर्वीच शुद्ध हरपते.

उंच पर्वतावर हेच उलट्या बाजूने दिसते. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. १९७८ मध्ये मेस्नर आणि हाबेलर तिथे ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय पोचले. विरळ हवेत श्वास वेगाने चालू लागतो, पण त्याबरोबर कार्बन डायॉक्साइड निघून गेल्याने रक्त अल्कधर्मी होते आणि तेच श्वासाला लगाम घालते. मूत्रपिंडे काही दिवसांत जादा बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात, तेव्हा हा लगाम सैल होतो. गिर्यारोहक मधल्या तळांवर थांबत वर चढतात ते शरीराला हे दिवस मिळावेत म्हणून.