कोटी गॅलेक्सी मोजल्या तरी न मरणारी चूक

"आइन्स्टाइन चुकला?" छापाच्या हेडलाईन गेल्या काही वर्षांत तुम्हीही वाचल्या असतील. त्यातल्या काहींच्या मुळाशी एक आकडा होता, एस-८. विश्वातलं मॅटर किती गुठळ्या होऊन जमलंय ते हा आकडा सांगतो. विश्वातला सगळ्यात जुना प्रकाश मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या डेटावरून तो ०.८३ च्या आसपास येतो आणि किड्स नावाच्या आकाशाच्या सर्व्हेने २०२० मध्ये गॅलेक्सींचे आकार मोजून काढला तो ०.७५९. झालं, दोन आकडे जुळत नाहीत म्हणजे नवीन फिजिक्स सापडलं म्हणून गाजावाजा! मग २०२५ मध्ये त्याच किड्सवाल्यांनी सगळा डेटा घेऊन, गॅलेक्सींची अंतरं जास्त नीट लावून परत गणित केलं तर आला ०.८१५, म्हणजे प्लँकशी बऱ्यापैकी जुळणारा. त्याचा गाजावाजा मला तरी कुठे दिसला नाही.

गॅलेक्सींच्या आकारावरून हा आकडा कसा निघतो, तर प्रकार असा की दूरच्या गॅलेक्सीचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेतल्या डार्क मॅटरच्या, म्हणजे न दिसणाऱ्या मॅटरच्या, गुरुत्वाकर्षणाने किंचित वळतो आणि तिचं चित्र एका दिशेने ताणलं जातं, किती तर साधारण एक टक्का. याला शिअर म्हणतात. पण गॅलेक्सी मुळातच लांबट असतात, तो लांबटपणा या ताणाच्या पंचवीस-तीस पट, त्यामुळे एकटीकडे बघून काही कळत नाही. हजारोंची सरासरी काढली की ज्याचे त्याचे लांबटपण एकमेकांना खातात आणि शिअर तेवढा उरतो.

मग काय, अजून गॅलेक्सी मोजा, असं वाटतं ना? मलाही वाटायचं. पण सरासरीने फक्त इकडेतिकडे होणारी चूक मरते, एकाच बाजूला झुकलेली चूक कोटी गॅलेक्सी घेतल्या तरी तशीच बसून राहते.

आणि ती झुकते कशी, ते खरं बघण्यासारखं आहे. पिक्सेलमधला नॉइज तसा प्रामाणिक, कधी थोडा वर, कधी तेवढाच खाली. पण लांबटपणा हा भागाकार आहे, वर प्रकाशाच्या दोन दिशांच्या पसाऱ्यातला फरक आणि खाली एकूण पसारा. समजा वर १ आहे, खाली १०, खरं उत्तर ०.१. नॉइजमुळे खालचा आकडा कधी ८ झाला, कधी १२. आता १/८ म्हणजे ०.१२५, १/१२ म्हणजे ०.०८३, दोघांची सरासरी ०.१०४. नॉइजने कुठेही लबाडी केली नाही आणि तरी उत्तर चार टक्क्यांनी फुगलं! प्रत्यक्षात वरचा आकडाही त्याच पिक्सेलांमुळे हलतो, म्हणून उत्तर फुगेल की आटेल ते मोजायच्या पद्धतीवर ठरतं, पण चूक आपणहून शून्य होत नाही. त्यात अंधुक गॅलेक्सींना हा त्रास जास्त, अंधुक म्हणजे बहुतेक दूरच्या, दूरच्या म्हणजे जुन्या काळातल्या, म्हणजे पिक्सेलमधली चूक विश्वाच्या इतिहासाचं सोंग घेऊन समोर येते.

यावरचा एक उपाय मला फार आवडतो, मेटाकॅलिब्रेशन. खऱ्या फोटोतलाच, दुर्बिणीमुळे आणि हवेमुळे आलेला धूसरपणा काढायचा, चित्र मुद्दाम एक टक्का ताणायचं, परत थोडा जास्त धूसरपणा घालायचा आणि मोजायचं. मोजलेला लांबटपणा ०.०१ ऐवजी ०.००८ नेच वाढला तर आपली पद्धत ताणाचा ८० टक्केच भाग पकडते, मग सरासरीला ०.८ ने भागा. डार्क एनर्जी सर्व्हे या दुसऱ्या आकाश-सर्व्हेने हीच पद्धत वापरली. पण एकीच्या अंगावर दुसरी गॅलेक्सी आली, आणि दोघींची अंतरं वेगळी म्हणून शिअरही वेगळा, की ही युक्ती पुरत नाही. अशा चिकटलेल्या जोड्यांमुळे साधारण दोन टक्के चूक उरली, ती बनावट आकाशाची चित्रं तयार करून मोजावी लागली.

जुलै २०२३ मध्ये अवकाशात गेलेल्या युक्लिड दुर्बिणीला तर ही गुणाकारी चूक, म्हणजे शिअरला ठराविक टक्क्यांनी फुगवणारी किंवा आटवणारी चूक, ०.२ टक्क्यांच्या आसपास आणायची आहे. तिथे मग कॅमेऱ्याच्या चिपमधल्या इलेक्ट्रॉनची ढकलाढकलही हिशेबात धरावी लागते. तेजस्वी ताऱ्याचा चार्ज साठत गेला की तो नंतर येणाऱ्या इलेक्ट्रॉनना शेजारच्या पिक्सेलमध्ये ढकलतो आणि तारा किंचित जाड दिसतो. तारा खरं तर ठिपकाच, म्हणून तो किती पसरला यावरून धूसरपणा मोजतात, पण माप म्हणून तोच जाड तारा वापरला की अंधुक गॅलेक्सीतून पाहिजे त्यापेक्षा जास्त धूसरपणा वजा होतो.