नळीतलं रक्त आणि अनुराधेवरचा तारा : क्ष-किरणांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

सातपुड्यातल्या पाड्यावर सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी चालते तेव्हा तिथे यंत्र म्हणावं असं काही नसतं. काचेची छोटी नळी असते, तिच्यात औषधाचं पाणी. बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त नळीत सोडायचं, हलवायचं, थोडं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर काळजी नाही. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, की नर्सताई वहीत नावापुढे खूण करतात आणि इलेक्ट्रोफोरेसिससाठी, म्हणजे विजेनं हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचणीसाठी, पुन्हा रक्त घेतात. कारण रक्तात दोष आहे एवढंच ते गढूळ पाणी सांगतं. माणूस नुसता वाहक आहे की आजारानं ग्रस्त, हे नळीला कळत नाही.

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागांतल्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. आई-बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल ग्रस्त निघण्याची शक्यता चारात एक. थंडी-पावसात हातपाय असे ठणकतात की पोर रात्रभर रडतं. वय वाढतं तसा काहींच्या खुब्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि मांडीच्या हाडाचा गोळा आतून मरायला लागतो. मग एसटी धरून धुळे किंवा नंदुरबार गाठायचं, एक्स-रे काढायचा. डॉक्टर ती काळी फिल्म खिडकीकडे धरतात. गोल असायला हवा तो गोळा एका बाजूला चेपलेला दिसतो, आणि काही बोलण्याची गरज उरत नाही.

ही नळी आणि ही फिल्म यांच्यामागे सव्वाशेहून अधिक वर्षांचं एकच संशोधन आहे. त्याच संशोधनाची दुसरी वाट आकाशात गेली. आपल्याकडे इस्रोचा उपग्रह सुटला, की चौकात कुणीतरी विचारतंच, 'वर दुर्बिणी सोडून खाली गरिबाला काय मिळतं?' प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर या दोन वाटा एकमेकींना कुठे-कुठे भेटल्या, ते पाहावं लागतं.

सुरुवात सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. जर्मनीतल्या व्युर्झबुर्गला ८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी विल्हेल्म रॉन्टजेन काळ्या पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या नळीतून वीज सोडत होते. थोड्या अंतरावर ठेवलेला रसायन लावलेला पडदा अंधारात उजळला. पुठ्ठा पार करून काय येतंय ते कळेना, म्हणून त्यांनी त्याला बीजगणितातल्या अज्ञाताचं अक्षर दिलं. मराठीत बीजगणिताचा अज्ञात 'क्ष', म्हणून आपण क्ष-किरण म्हणतो. मला हे भाषांतर फार आवडतं, कारण त्यात न कळल्याची कबुली जशीच्या तशी टिकली आहे. त्याच डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो घेतला, त्यात हाडं आणि बोटातली अंगठी दिसली. पेटंट त्यांनी घेतलं नाही. १९०१ चं भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांना मिळालं. दवाखान्यांनी तर त्या बक्षिसाची वाटही पाहिली नव्हती. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ब्रिटिश फौजेच्या डॉक्टरांनी वायव्य सरहद्दीवर जखमी शिपायांच्या अंगातल्या गोळ्या शोधायला हे किरण वापरले.

पण हाडं बघणं हा या किरणांचा सगळ्यात सोपा उपयोग. त्यांची खरी ताकद १९१२ नंतर कळली. मॅक्स फॉन लाउए आणि पाठोपाठ ब्रॅग पितापुत्रांनी दाखवलं, की स्फटिकावर क्ष-किरण टाकले तर पलीकडच्या फिल्मवर ठिपक्यांची रांगोळी उमटते, आणि त्या ठिपक्यांवरून आतले अणू कसे रचले आहेत याचा हिशेब मांडता येतो. मिठाचा हिशेब लवकर जमला. व्हिएन्नाहून केंब्रिजला आलेल्या मॅक्स पेरुत्झ यांनी १९३७ मध्ये थेट रक्तातलं हिमोग्लोबिन निवडलं. दहा हजारांच्या घरात अणू असलेला हा रेणू. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं असेल तर नवल नाही. पंधरा-सोळा वर्षं ठिपके जमत गेले आणि अर्थ लागत नव्हता. १९५३ मध्ये त्यांनी रेणूला पाऱ्याचे अणू चिकटवून पाहिले. जड अणूमुळे ठिपके जरासे बदलले, आणि त्या बदलातून कुलूप उघडलं. १९५९ मध्ये हिमोग्लोबिनचं पहिलं त्रिमितीय रूप समोर आलं. सुरुवातीपासून मोजली तर बावीस वर्षं लागली.

त्याच प्रयोगशाळेत व्हर्नन इन्ग्रॅम काम करत होते. सिकलसेल हा रेणूचाच आजार आहे, हे लायनस पॉलिंग यांच्या गटानं १९४९ मध्ये अमेरिकेत दाखवलं होतं. पण रेणूत नेमकं बिघडलंय काय? इन्ग्रॅमनी १९५६-५७ मध्ये हिमोग्लोबिनचे तुकडे केले, कागदावर विजेनं आणि द्रावकानं पसरवले, आणि निरोगी माणसाच्या रक्ताशी डाग ताडून पाहिले. एकच डाग जागेवर नव्हता. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल. एकशे सेहेचाळीस मण्यांच्या माळेत एक मणी वेगळा.

हा मणी पाण्यापासून अंग चोरणारा आहे. हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडतं तेव्हा त्याच्या आकारात फरक पडतो, आणि हा मणी शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतो. मग शेजाऱ्याला शेजारी लागत दोर वळला जातो आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. पुढे रोगट हिमोग्लोबिनचेही स्फटिक झाले, त्यांच्यावरही क्ष-किरण टाकले गेले, आणि १९७५ मध्ये त्या दोराची वीणही दिसली. पाड्यावरच्या नळीतलं औषध दुसरं काही करत नाही. ते पेशी फोडतं, रक्तातला ऑक्सिजन काढून घेतं आणि न विरघळणारं हिमोग्लोबिन उघडं पाडतं. रेघा पुसतात त्या यामुळे.

आता साल १९६२. त्या डिसेंबरात स्टॉकहोमला रसायनशास्त्राचं नोबेल पेरुत्झ आणि जॉन केंड्र्यू यांना मिळालं, आणि वैद्यकाचं, डीएनएच्या रचनेसाठी, वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना. दोन्ही क्ष-किरणांच्या ठिपक्यांवरचं काम. डीएनएचा निर्णायक फोटो ज्यांच्या प्रयोगशाळेत निघाला त्या रोझालिंड फ्रँकलिन तोवर हयात नव्हत्या. १९५८ मध्ये, सदतिसाव्या वर्षी कर्करोगानं त्या गेल्या. तो फोटो फ्रँकलिन यांच्या नकळत वॉटसनना दाखवला गेला होता, ही गोष्ट मला आजही लागते.

१९६२ च्याच जूनमध्ये, १८ तारखेच्या मध्यरात्रीच्या तोंडावर, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून एक लहान रॉकेट उडालं होतं. आकाशातले क्ष-किरण जमिनीवर पोचत नाहीत. आपल्या डोक्यावरची हवा त्यांच्यासाठी दहा मीटर पाण्याएवढी जाड आहे. माणूस त्यामुळेच सुरक्षित आहे आणि खगोलशास्त्रज्ञ त्यामुळेच आंधळा. सूर्यातून क्ष-किरण येतात हे हर्बर्ट फ्रीडमन यांच्या गटानं १९४९ मध्ये जर्मनांकडून हाती आलेल्या व्ही-टू रॉकेटवर मोजमापाची साधनं चढवून पक्कं केलं होतं. पण सूर्य जवळचा. दूरच्या ताऱ्याचे किरण सापडतील अशी आशा फारशी कुणाला नव्हती. म्हणून रिकार्डो जाकोनी, ब्रुनो रॉसी आणि सहकाऱ्यांनी सूर्यामुळे चंद्रावरून क्ष-किरण निघतात का, हे पाहायचं म्हणून पैसे मिळवले. रॉकेटमधल्या गायगर काउंटरना, म्हणजे किरण मोजणाऱ्या साधनांना, कामाचा वेळ मिळाला जेमतेम सहा मिनिटं. चंद्राचं काही हाती लागलं नाही. मात्र रॉकेट गरगरताना दर फेरीत एका दिशेला मोजणी उसळून वर येत होती. तिथे वृश्चिक रास होती.

तो स्रोत म्हणजे स्कॉर्पियस एक्स-१. खानदेशात ही जागा दाखवणं सोपं आहे. उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर अंथरूण टाकलं, की दक्षिणेला विंचू आपसूक समोर येतो. तांबूस ज्येष्ठा सापडली की तिच्या वर अनुराधेचे तारे, आणि त्यांच्याही थोडं वर उत्तरेला ती जागा. डोळ्यांना तिथे काही दिसत नाही. मोठी दुर्बीण लावल्यावर १९६६ मध्ये तिथे एक मिणमिणता तारा ओळखला गेला. पुढे कळलं ते असं : गावाएवढ्या आकारात सूर्याहून जास्त वस्तुमान कोंबलेला न्यूट्रॉन तारा तिथे आहे, तो आपल्या जोडीदाराचा वायू ओढून घेतो, आणि कोसळणारा वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापून क्ष-किरण फेकतो. सूर्य सोडला तर आपल्या आकाशात क्ष-किरणांचा इतका प्रखर कायमचा दिवा दुसरा नाही.

इथून पुढे दोन वाटांची देवाणघेवाण सुरू होते, आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच भाग.

क्ष-किरण साध्या आरशातून परतत नाहीत, आत घुसतात. गिरणेच्या डोहात चपटा दगड सरळ टाकला तर बुडतो, पण आडवा भिरकावला तर पाण्यावरून टप्पे घेत जातो. क्ष-किरणही अगदी निसटत्या कोनात आले तरच आरशावरून घसरून वळतात. असे दोन वक्र आरसे एकापुढे एक ठेवून प्रतिमा बनवायची रचना हान्स वोल्टर यांनी १९५२ मध्ये मांडली, पण ती होती सूक्ष्मदर्शकासाठी. पेशी बघायच्या होत्या. इतके इवले आरसे तेवढ्या अचूकपणे घासता येईनात. जाकोनींच्या लक्षात आलं, की दुर्बिणीचे आरसे मोठे असतात, तिथे हे जमेल. डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळून सुटलेल्या 'उहुरू' उपग्रहानं काउंटरच्या जोरावर तीनशेहून जास्त स्रोतांची यादी दिली. १९७८ च्या 'आइन्स्टाइन' वेधशाळेनं वोल्टरचे आरसे लावून दूरच्या स्रोतांची चित्रं घेतली. १९९९ मध्ये 'चंद्रा' वर गेली, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची. २००२ मध्ये जाकोनींना नोबेल मिळालं. जीवशास्त्राच्या कामाचा आरसा असा आकाशाच्या कामी आला.

उलट दिशेनंही बरंच आलं. रोनाल्ड ब्रेसवेल हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. त्यांच्या दुर्बिणीला सूर्य पट्ट्यापट्ट्यांनीच मोजता यायचा. अशा अनेक पट्ट्यांवरून अख्खं चित्र कसं जुळवायचं, याचं गणित त्यांनी १९५६ मध्ये दिलं. शरीराभोवती फिरून घेतलेल्या क्ष-किरणांच्या मापांवरून आतला काप उभा करायचा, तर गणित त्याच जातीचं लागतं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानं पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन केला. हाउन्सफील्डनी आपली रीत स्वतंत्रपणे शोधली होती, पण स्कॅनरच्या पुढच्या पिढ्यांत ब्रेसवेल यांच्या घराण्यातलं गणित रुजलं.

दुसरी गोष्ट डिटेक्टरची. आकाशातून येणारा क्ष-किरण एकेकटा येतो, म्हणून खगोलशास्त्रज्ञांना प्रत्येक कण मोजून त्याची ऊर्जाही टिपावी लागते. दवाखान्याची गरज कमी किरणांत स्पष्ट चित्र ही. दोघांना एकच पदार्थ सोयीचा पडला, कॅडमियम टेल्युराइड आणि त्याचं जस्त मिसळलेलं भावंड. हृदय तपासणाऱ्या गॅमा कॅमेऱ्यांत तो आहे, आणि २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या, फोटॉन म्हणजे किरणांचा एकेक कण मोजणाऱ्या सीटी स्कॅनरमध्येही आहे.

भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं हैदराबादहून मोठे फुगे सोडून क्ष-किरण खगोलशास्त्राची वाट पाडली. १९ एप्रिल १९७५ च्या 'आर्यभट'वर क्ष-किरणांचा प्रयोग होता, पण थोड्याच दिवसांत वीजपुरवठा बिघडला आणि प्रयोग बंद करावे लागले. २८ सप्टेंबर २०१५ रोजी आकाश निरखणारा उपग्रह 'अ‍ॅस्ट्रोसॅट' गेला. त्यातल्या एका उपकरणात कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे चौसष्ट तुकडे जोडलेले आहेत, आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा त्यात मोठा हात आहे. १ जानेवारी २०२४ ला 'एक्सपोसॅट' हा क्ष-किरणांचाच उपग्रह सुटला. इकडे जमिनीवर १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं.

या साऱ्यात खानदेश नुसता रुग्ण म्हणून येत नाही. चाळीसगावपासून अठरा-वीस किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत पाटणादेवी आहे. तिथल्या पाटण गावी एक शिलालेख सापडला, शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं तिथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. एकोणिसाव्या शतकात हा लेख जगापुढे आणला तो भाऊ दाजी लाड यांनी. ते मुंबईचे डॉक्टर. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले, कुष्ठरोगावरच्या औषधासाठी वर्षानुवर्षं झटलेले. आकाशाचा हिशेब मांडणाऱ्याचा पत्ता एका वैद्यानं शोधून दिला.

लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळींत व्यवहाराची गोष्ट येते आणि भाषा मराठी होते. मठ कशावर चालायचा, ते तिथे लिहून ठेवलंय. पाटणच्या बाजारात उघडणाऱ्या मालावरचा राजाचा वाटा मठाला, आणि गावात जितके घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल.