जिन्यावरच्या पावलांची भीती

खाली पार्किंगमध्ये स्कूटर लागली की स्टँडच्या आवाजावरून बाबा आज पिऊन आलेत का, हे काही मुलांना चौथ्या मजल्यावर बसून कळतं. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो, तो धोक्याची चाहूल टिपतो. घरात रोज मारहाण किंवा पाणउतारा होत असेल, तर तो एकच धडा गिरवतो: दहादा उगाच घाबरलं तरी चालेल, एकदाही गाफील राहायचं नाही. त्या घरापुरतं हे बरोबरच असतं. पुढे नववीत मात्र बाईंचा जरा चढलेला आवाजही पोटात गोळा आणतो. या भीतीला आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो.

१९९८ साली व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांनी सॅन डिएगोतल्या साडेनऊ हजारांहून अधिक प्रौढांच्या बालपणाची माहिती मांडली. छळ, घरातलं व्यसन, आईला होणारी मारहाण अशा अनुभवांचे प्रकार जितके जास्त, तितका पुढे नैराश्याचा आणि व्यसनाचा धोका जास्त दिसला. पण हे समूहाचं गणित आहे. त्यावरून एकट्या मुलाचं भविष्य सांगता येत नाही, आणि शाळेत मुलांचे असे अनुभव मोजून त्यांना आकडे देणं तर सरळ चूक आहे.

कारण दुसरी बाजूही मोजली गेली आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या विस्कॉन्सिनमधल्या अभ्यासात सात चांगल्या अनुभवांबद्दल विचारलं होतं: घरी मनातलं बोलता येणं, मित्रांचा आधार, आईवडिलांखेरीज मनापासून विचारपूस करणारी किमान दोन मोठी माणसं, समाजाच्या सणा-परंपरांमध्ये सहभाग वगैरे. असे सहा-सात अनुभव मिळालेल्यांमध्ये, बालपण खडतर असूनही, मोठेपणी नैराश्य बरंच कमी आढळलं. पुण्यात ही माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. ढोल-ताशा पथकाच्या सरावाला मुलगा आला नाही म्हणून फोन करणारा दादा, तालमीतले वस्ताद, शेजारच्या काकू. उपदेश नको, ठरल्या वेळी भेटणं, तेही महिनोन्‌महिने, हे महत्त्वाचं.

आता भीती कमी कशी करायची? समजा, मुलगी वर्गात उभं राहून वाचायला घाबरते. भीतीला शून्य ते दहा आकडे द्यायला सांगा आणि तीन-चारच्या पायरीपासून सुरुवात करा. आधी मावशीसमोर अर्धं पान, मग दोन मैत्रिणींसमोर, मग रिकाम्या वर्गात बाईंसमोर, मग बाकावर बसूनच दोन ओळी, शेवटी उभं राहून. प्रत्येक वेळी आधी लिहायचं, “काय होईल असं वाटतं?” आणि नंतर, “खरंच काय झालं?” या दोन उत्तरांतल्या फरकातूनच मेंदू नवं शिकतो. एकेक पायरी आठवड्यात चार-पाच वेळा करावी, एकदा जमली म्हणून लगेच पुढे जाऊ नये.

बिघडतं ते बहुतेक प्रेमापोटी. सोमवारी पोट दुखतं (ते खरंच दुखतं, नाटक नसतं), आई शाळेला चिठ्ठी लिहिते, तासाभरात पोट दुखायचं थांबतं. या सुटकेतून मेंदू शिकतो की टाळलं म्हणूनच वाचलो, आणि पुढच्या सोमवारी दुखणं वाढतं. डॉक्टरांनी तपासून काही निघालं नसेल, तर निदान दोन तास तरी शाळेत पाठवा. “घाबरण्यासारखं काय आहे त्यात?” असं म्हणू नका. “भीती वाटतेय हे दिसतंय मला, आणि तुला जमेल” एवढंच म्हणा.

एक अट मात्र सगळ्याच्या आधी येते. घरात मारहाण किंवा लैंगिक छळ अजून चालू असेल, तर तिथे भीती ही आजाराची खूण नसते, ती खरी सूचना असते. तिथे आधी सुरक्षितता हवी: १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा क्रमांक १४४१६. मरणाची भाषा, स्वतःच स्वतःच्या अंगावर केलेल्या जखमा किंवा आठवडेच्या आठवडे बुडालेली शाळा दिसली, तर पायऱ्या मांडत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर जमलेल्या पायरीवरही भीती परत येते. तेव्हा दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा सुरुवात करायची. या वेळी चढण पहिल्यापेक्षा बहुधा लवकर होते.