खर्रा आणि किशोरवय (नागपूर)

सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत (प्लास्टिकच्या कागदात) घोटून केलेले चघळण्याचे मिश्रण म्हणजे खर्रा. नागपुरात किशोरवयीन मुलांना (१० ते १९ वर्षे) ही सवय अनेकदा घरातूनच लागते. वडील, काका किंवा आजी ‘ठेल्यावरून खर्रा आण’ म्हणून पोराला पाठवतात, कधी घोटायलाही त्यालाच बसवतात. वास, ठेला, भाव सगळे ओळखीचे झालेले असल्याने पहिली चिमूट तोंडात टाकताना काही चुकते आहे असे त्याला वाटतच नाही. पुढे एका पन्नीतून वाटून खाणे ही दोस्तीची खूण होते. सिगारेटचा वास घरी कळतो, खर्रा गालात दडतो. कामाला जाणाऱ्या मुलांना भूक आणि झोप मारायला तो सोयीचा वाटतो.

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे, तसेच शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विकणे गुन्हा आहे. मात्र ‘बाबांसाठी पाहिजे’ एवढे म्हटले की पुडी हातात पडते. समोर घोटून दिलेल्या खर्र्यावर धोक्याचे चित्रही नसते.

नुकसान फक्त तंबाखूने होत नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, आणि तिच्यामुळे गालाची आतली त्वचा कडक होऊन तोंड उघडेनासे होते (सबम्युकस फायब्रोसिस). सुरुवातीची खूण म्हणजे तर्री-पोहे खाताना होणारी असह्य आग. नंतर गाल पांढुरके पडतात. स्वतःची मधली तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर लगेच दंतवैद्याला दाखवावे. कडक झालेला भाग सवय सोडल्यावरही पूर्ववत होत नाही, म्हणून वाट पाहू नये.

सोडवताना मारझोड केली की मुलगा फक्त लपवायला शिकतो. आधी मोठ्यांनी मुलाला ठेल्यावर पाठवणे बंद करावे आणि घरातल्या खाणाऱ्यांनी त्याच्याबरोबर एकच तारीख ठरवून सोडावे. एकाच्या खिशात पन्नी राहिली की दुसऱ्याचा निश्चय मोडतो. चिडचिड आणि तलफ पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असते. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात पाणी प्यावे, बडीशेप चघळावी. गोड सुपारी मात्र देऊ नये, रोग तिनेही होतो. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर समुपदेशन मोफत मिळते.