काच घामेजते ती कुठल्या बाजूने?

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही पाच जण साताऱ्याहून कासला निघालो. फुलांना अजून अवकाश होता, पण पाहुण्यांना धुकं बघायचं होतं. ते यवतेश्वरच्या घाटातच दिसलं, तेही गाडीच्या आत. मागे ओले रेनकोट, पायाशी चिखलाचे बूट, पाऊस आत येऊ नये म्हणून काचा घट्ट, आणि "एवढ्या गारठ्यात एसी कशाला?" ही मामींची आज्ञा. काही वळणांतच समोरची काच दुधाळ झाली. मामा रुमालानं पुसायचे आणि त्या पुसलेल्या ठिगळातून मी रस्ता शोधायचो.

आता त्या गाडीतल्या पाण्याचा हिशेब मांडू. हवेत बाष्प किती मावतं हे तापमानावर ठरतं. २० अंश सेल्सिअसला एका घनमीटरात साधारण १७ ग्रॅम, ३० अंशांना ३० ग्रॅमच्या आसपास. छोट्या गाडीत हवा असते जेमतेम तीन घनमीटर, म्हणजे २० अंशांना तिच्यात फार तर ५० ग्रॅम बाष्प राहू शकतं. स्वस्थ बसलेला माणूस श्वास आणि त्वचा मिळून तासाला ३०-४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. पाच माणसांचं दीडशेच्या वर गेलं, आणि त्यात रेनकोटांची भर. बरं, पावसाळ्यात ही हवा कोरडी असते थोडीच! ती आधीच काठोकाठ भरलेली असते. साताऱ्याहून कास सुमारे पाचशे मीटर उंच, म्हणजे वर चढताना बाहेरची हवा तीनेक अंशांनी गार होते. पावसानं भिजलेली काचही तशीच गार. ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पाणी व्हायला लागतं, तो तिचा दवबिंदू. आतल्या हवेच्या दवबिंदूपेक्षा काच गार झाली, की जास्तीचं बाष्प तिच्यावर पाणी होऊन बसतं.

हे पाणी एकसंध पातळ थरात बसलं असतं, तर आपल्याला कळलंही नसतं. पण काचेवर धूळ असते, हातांचा तेलकटपणा असतो, डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उन्हात उडालेले पदार्थ असतात. अशा काचेवर पाणी पसरत नाही, त्याचे बारीक थेंब होतात आणि ते प्रकाश वाटेल तिकडे उधळतात. म्हणून तो तेलकटपणाच पसरवणाऱ्या मामांच्या रुमालानं फायदा कमी, नुकसान जास्त. महिन्यातून एकदा काच आतून साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरड्या फडक्यानं नीट पुसली, तर फरक डोळ्यांना दिसतो.

उपायाआधी मात्र एक बोट फिरवायचं, काचेला आतून. रेघ उमटली तर पाणी आत आहे. उमटली नाही तर ते बाहेर आहे, आणि तिथं सगळं उलटं चालतं: एसीचा गार झोत काचेवर असतो, काच बाहेरच्या दमट हवेच्या दवबिंदूखाली जाते आणि थेंब बाहेरून धरतात. त्यावर वायपर फिरवा, एसी थोडा कमी गार करा, झोत काचेवरून काढा. आतली काच पुसून पुसून हात दुखवण्यात अर्थ नाही.

पाणी आतून असेल तर एसी लावाच, गारठा असला तरी. एसीच्या आतली जाळी हवेला इतकं गार करते की बाष्पाचं पाणी तिथंच होतं आणि नळीवाटे गाडीखाली टपकतं. ही वाळलेली हवा हीटरनं कोमट करून समोरच्या काचेवर सोडायची, म्हणजे मामीही कुडकुडत नाहीत. गाडीतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवायचं. आणि घाटात मध्येच एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवू नका. जाळीवरचं ओलं पाणी पुन्हा हवेत उडतं आणि काच क्षणात आंधळी होते. हा धडा मी त्याच दिवशी उतरताना शिकलो.

खरी गंमत पुढे. आठवडाभर पाऊस नव्हता, गाडीत मी एकटाच, तरी रोज सकाळी काच आतून घामेजलेली. म्हणजे पाणी गाडीतच कुठंतरी मुरलेलं होतं. मॅट उचलून कार्पेटवर वर्तमानपत्र दाबलं. ड्रायव्हरच्या बाजूचं कोरडं, डाव्या सीटच्या पायाशी चिंब.

तिथं पाणी यायच्या वाटा मोजक्याच. एसीची नळी तुंबली तर पाणी आत उलटतं. दमट दिवशी एसी बराच वेळ चालूनही गाडीखाली थेंब नसेल, तर संशय तिथं. हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, झिरपत असेल तर गोडसर वास येतो, काचेवर तेलकट पापुद्रा बसतो आणि बॉनेटखालच्या डब्यातली पातळी उतरत जाते. (ती पातळी इंजिन थंड असतानाच बघा.) माझ्याकडे यातलं काही नव्हतं. मग दारांची रबरं पाहण्यासाठी मुलाला टॉर्च देऊन आत बसवलं आणि बाहेरून खालून वर असं पाइपनं पाणी सोडलं. दारं कोरडी. काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या जाळीवर धार धरली तेव्हा आतून आवाज आला, "बाबा, आलं, आलं!"

जाळी काढली. खाली गुलमोहराची बारीक पानं कुजून लगदा झालेला, आणि पाणी जायची भोकं बंद. गाडी आमच्या दारातल्या गुलमोहराखालीच उभी असते. तुंबलेलं पाणी हवा घ्यायच्या तोंडातून आत उतरत होतं. लगदा काढायला दहा मिनिटं लागली. पण कार्पेटखालचा फोम स्पंजासारखा भिजलेला, तो नुसती दारं उघडून वाळेना. शेवटी सीट सोडवून फोम काढला आणि गच्चीवर दोन दिवस उन्हात घातला. तिसऱ्या दिवशी सकाळी काच कोरडी होती.